अनोळखी हातांचे ऋण



कापडाच्या व्यवसायात जमा-नावे लिहिण्यात माझे आयुष्य गेले. परंतु एक नोंद कोणत्याच वहीत बसली नाही.

मे महिन्यातील दुपार होती. खरेदीहून परतताना वर्धा स्थानकावर मला भोवळ आली. एका वृद्ध खेडुताने मला सावलीत बसविले, आपल्याजवळचे पाणी पाजले आणि माझा गठ्ठा खांद्यावर घेऊन बाहेर आणून दिला. पैसे पुढे करताच त्याने हात जोडले. नाव विचारण्यापूर्वीच तो गर्दीत दिसेनासा झाला. आठच दिवसांपूर्वी अशाच एका थकलेल्या माणसाला मी दुकानाच्या ओट्यावरून उठविले होते. त्या क्षणी मला त्याची आठवण झाली आणि मान खाली गेली.

आपल्या जिल्ह्याला हा संस्कार नवा नाही. ज्या कुष्ठरुग्णांना रक्ताचे नातेवाईकही घराबाहेर काढीत, त्यांच्यासाठी विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली दत्तपूर येथे सेवाकार्य आरंभिले. परक्यांच्या जखमा त्यांनी स्वहस्ते धुतल्या. एवढे मोठे कार्य आपल्या हातून कदाचित घडणार नाही. पण ओट्यावर जागा आणि ओंजळभर पाणी देणे कोणास अशक्य आहे?

धनको सापडत नसेल, तर हे ऋण पुढच्या अनोळखी माणसाला फेडावे. तेव्हापासून माझ्या ओट्यावर पाण्याचा माठ आहे आणि तेथून कोणालाही उठविले जात नाही.