मसूरचे स्टेशन आणि वळचणीची कपबशी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. ‘आवडते पुस्तक’ यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले. कोणी कादंबरी निवडली, कोणी पोथी. मी घेतले आहे चित्रांचे पुस्तक. नाव ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते २०११ साली काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड पतिपत्नींची. त्यातले इंग्रजी माझ्या मुलीने वाचून सांगितले. चित्रे माझी मीच वाचली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःला आलेले अनुभव लिहून ठेवले होते, त्यांवर हे पुस्तक बेतले आहे. त्यातला एक तर आपल्याच आगगाडीच्या वाटेवरचा. किर्लोस्करवाडीहून पुण्याकडे जाताना कऱ्हाड मागे पडले की मसूर लागते. १९०१ साली लहानगा भीम आणि घरातली मुले साताऱ्याहून येऊन तिथे उतरली. वडील गोरेगावला नोकरीवर होते, त्यांच्याकडे निघालेली. अंगावर नवे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरांना वाटले, बड्या घरची मुले! जात कळली मात्र, आणि त्यांचा चेहराच पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचे, या बोलीवर. रात्री टोलनाक्यावर कोणी पाणी दिले नाही. जवळ भरपूर जेवण असून मुले उपाशी निजली. पाण्यावाचून घास उतरत नाही, हे तुम्हां रांधणाऱ्या बायकांना मी काय सांगावे?

या पुस्तकात मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिले आहे आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी काढली आहे. मी मुलीला म्हटले, “बयो, ही नांगी मला ठाऊक आहे.”

माझ्या माहेरी आई उसात भांगलायला जाई, सुट्टीत मीही जाई. मळ्याची मालकीण वाईट नव्हती हो. चहा सगळ्यांना द्यायची. पण आमच्या दोन कपबश्या गोठ्याच्या वळचणीला असत. आपण काढायच्या, धुवायच्या, परत तिथेच खोचायच्या. पाणी वरून ओंजळीत. ओंजळ ओसंडून कोपरापर्यंत ओघळ यायचा आणि आई तो पदराने पुशीत हसायची. ती का हसायची, हे मी तिला कधी विचारले नाही. आता ती नाही.

आता वळचणीला कपबशी दिसत नाही. पण गाडीत शेजारची बाई गोड बोलता बोलता विचारते, “आडनाव काय म्हणालात?” मी सांगते. मग मसूरच्या मास्तरांसारखा तिचा चेहरा पालटतो का, हे मी पाहत बसते. पुष्कळदा पालटत नाही. कधी पालटतो.

आपल्या मंडळात मला कोणी वावगे बोललेले नाही, हे मी मोकळ्या मनाने सांगते. फक्त एक गोष्ट आहे. वर्धापनदिनाच्या जेवणाच्या कामाची वाटणी होते, तेव्हा माझ्या वाट्याला सतरंज्या येतात, रांगोळी येते, भांडी येतात. चुलीकडची पाळी सात वर्षांत आलेली नाही. कोणी मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षीचे पुरण माझ्याकडे द्यावे, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. पाच किलो डाळीचे पुरण मी एकटी वाटते. पिण्याचे पिंपही त्या दिवशी मीच भरीन.