यजमान कोण?



जबलपुरात वाढलेल्या मुलाला मदन महालाची टेकडी परिचयाची असते. राणी दुर्गावतीने २४ जून १५६४ रोजी दिलेले बलिदान त्याने पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. राजा शंकरशाह आणि कुमार रघुनाथशाह या पितापुत्रांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले, हेही त्याला ठाऊक असते. परंतु हा इतिहास ज्या गोंड समाजाचा, त्याच्या आजच्या घराचा उंबरठा त्याने क्वचितच ओलांडलेला असतो.

तो ओलांडायचा असेल, तर दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढला जावे. हे परधानांचे गाव. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवीत ते बडादेवाची गाणी आणि यजमान गोंड कुळाची वंशावळ गात. यजमान त्यांना धान्य, वस्त्रे, गुरे देत असे. पुढे यजमानांचेच वैभव ओसरले आणि परधानांचा आधार तुटत गेला. १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी शोध घेणाऱ्या जगदीश स्वामीनाथन यांच्या पथकाला येथील एका भिंतीवर जनगढसिंह श्याम या तरुणाची चित्रे दिसली. गाण्यांतले देव, वृक्ष आणि प्राणी त्याने रंगांत उतरविले होते. १९८९ मध्ये ही कला पॅरिसला पोहोचली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढायला गेले असता जनगढ यांचा तेथेच अंत झाला. परंतु त्यांनी घडविलेली पिढी थांबली नाही. पाटनगढचे भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, तर मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन.

आता रसिकच पाटनगढच्या रंगविलेल्या भिंती पाहण्यास येऊ लागले आहेत. येथे एक जुना शब्द नवा अर्थ घेऊन उभा राहतो. परधानांच्या व्यवहारात दान देणारा तो यजमान; मराठीत घरी आलेल्याचे स्वागत करणारा तो यजमान. पर्यटनात यजमान कोणी व्हावे? पैसे मोजणाऱ्याने, की घरधन्याने?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील पुरुषवाडीने याचे उत्तर दिले आहे. महादेव कोळी समाजाच्या या गावात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यास शहरी माणसे येतात. जेवण गावातल्याच घरी होते, वाट गावातलाच तरुण दाखवतो आणि उत्पन्न घरोघरी पोहोचते. पाहुण्यांसाठी गाव आपला दिनक्रम बदलत नाही. पाहुणाच त्यात सामील होतो. रिसॉर्टच्या अंगणात संध्याकाळी हुकमी नाच करविणे आणि हे आतिथ्य यांत अंतर आहे. पहिल्यात काय दाखवायचे ते ग्राहक ठरवतो, दुसऱ्यात गाव. आणि काय दाखवायचे नाही, हेही गावच ठरवते.

मराठी पाहुण्याला तर हा विवेक अधिकच हवा. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी संपविले; पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. या भूमीत मराठी सत्ता प्रथम आली ती निमंत्रणावाचून. आज मराठी माणसाने गोंडांच्या दारी जावे ते विचारून.

हिंदी भाषिक शहरात मराठी शाळा चालविणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागू नये. भाषा गणेशोत्सवाच्या रंगमंचावर शोभते, पण टिकते ती स्वयंपाकघरात. गोंडीचे आणि गोंड गाण्यांचेही तसेच आहे.

म्हणून शाळेच्या सहलीने भेडाघाटच्या पुढे जावे. जाण्यापूर्वी गावाला कळवावे, त्याला सोयीचा दिवस विचारावा. चित्र घ्यायचे तर चित्रकाराच्याच हातून, त्याने सांगितलेल्या किमतीत घ्यावे. छायाचित्रापूर्वी परवानगी मागावी. एखाद्या घरी पूजा असेल आणि दार बंद असेल, तर मुलांना दाराबाहेर शांतपणे थांबायला शिकवावे. तोही त्या दिवसाचा एक धडाच होय.