लसीकरण आणि शाळेचा पट
(जयसिंगपूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



जयसिंगपूर हे गाव राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या नावे वसविले. त्याच महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गावोगावची मुले त्यामुळे शाळेत एकत्र येऊ लागली. परंतु जेथे मुले एकत्र बसतात तेथे विद्येप्रमाणे रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून लसीकरण हा केवळ डॉक्टरांचा विषय नव्हे. तो शिक्षकांचाही आहे.

आपल्या देशात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेस टोचण्यात आली. तरीही देशातील देवीचा शेवटचा रोगी आढळला तो १९७५ मध्ये. लस होती; पण ती सर्वांपर्यंत पोहोचत नव्हती. अखेरच्या मोहिमेत शोधपथके रोग्याचे चित्र घेऊन घरोघर, बाजारांत आणि शाळांतही चौकशी करीत व रोगी सापडताच त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचीत. रोगाला पुढे जाण्यास माणूसच उरला नाही, तेव्हा तो संपला. १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

गोवराचे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. कोणालाच संरक्षण नसेल, तर गोवराचा एक रोगी सुमारे १२ ते १८ जणांना रोग देतो. हिशेबासाठी १५ धरावेत. या पंधरांपैकी चौदा सुरक्षित असतील, तर रोग एकालाच होईल. तो वाढणार नाही. सुरक्षितांचे प्रमाण याहून थोडे वाढले की साखळी तुटते. म्हणूनच गोवरासाठी ९५ टक्के मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाव्यात, असा दंडक आहे. नऊ महिन्यांच्या आतील तान्ही बाळे किंवा गंभीर आजारामुळे ही लस घेऊ न शकणारी मुले यांचे रक्षण इतरांच्या लसीमुळेच होते. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. धनुर्वाताला मात्र हा नियम लागू नाही. त्याचे जंतू मातीत असतात. तेथे शेजाऱ्याची लस कामास येत नाही, ज्याची त्यानेच घ्यावी लागते.

परंतु टक्केवारीवर विसंबून चालत नाही. शंभरांतील पाच असुरक्षित मुले गावभर विखुरलेली असणे वेगळे आणि ती एकाच वस्तीत असणे वेगळे. कृष्णाकाठच्या बांधाला एके ठिकाणी खिंडार पडले, तर उरलेला बांध कितीही भक्कम असून उपयोग काय? २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराची साथ पसरली, तेव्हा लस न मिळालेली मुलेच मोठ्या संख्येने आजारी पडली. शिरोळ तालुक्यात उसाच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात. सततच्या स्थलांतरात मुलांच्या मात्रा राहून जातात. त्यात आईबापांचा दोष नसतो. पण खिंडार तेथेच पडते.

असे खिंडार आरोग्य खात्याच्या आधी शिक्षकाच्या नजरेस येऊ शकते. नवे मूल पटावर येताच शिक्षकाने त्याचे लसीकरणाचे कार्ड पाहावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी १६ ते २४ महिन्यांत दिली जाते. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील वर्धक मात्रा पाच ते सहा वर्षांच्या वयात, तर धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी देतात. कार्ड नसेल किंवा मात्रा राहिली असेल, तर ते नाव आशा कार्यकर्तीस किंवा आरोग्यसेविकेस कळवावे. परंतु त्या कारणाने प्रवेश नाकारू नये. ताप व पुरळ असलेल्या मुलास घरी पाठवून आरोग्य केंद्रास त्वरित वर्दी द्यावी. लसीनंतर येणाऱ्या तापाने पालक भितात. त्यांना रागावू नये. असा ताप बहुधा सौम्य असतो व थोड्या दिवसांत उतरतो, हे शांतपणे समजावावे. गावात शिक्षकाच्या शब्दाला मान असतो.

पटावरील प्रत्येक नावापुढे शिक्षक रोज हजेरी मांडतो. त्या नावापुढे लसीचीही नोंद असली, तर पटावर नाव नसलेली, पाळण्यातली बाळेही सुरक्षित राहतील.