मेंढीकोट : न पडलेले पान



दर रविवारी रात्री नऊ वाजता आपल्या वर्गाचा मोबाइलवर मेंढीकोटचा डाव बसतो. त्यात मी आणि माझी भिडू जरा जास्तच जिंकतो. म्हणून ‘तुम्ही दोघी बाजूला दुसरा फोन चालू ठेवून एकमेकींना पाने सांगता’, असे दोन-तीन जण ग्रुपवर हसत हसत लिहितात. हसत लिहिले तरी ते मनात राहतेच. संयोजकांनी आज थोडा वेळ दिला आहे, तर आम्ही काय पाहून खेळतो ते सगळे उघड सांगते. पुढच्या रविवारी आमच्यावरच वापरा.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी 13 पाने. चारपैकी तीन दश्श्या मिळवणारी जोडी जिंकते. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात ते जिंकले. चारही दश्श्या नेल्या तर मेंढीकोट. हुकूम आपण आधी ठरवत नाही. उतरलेल्या रंगाचे पान ज्याच्याकडे सर्वांत आधी नसेल, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम.

या शेवटच्या नियमातच अर्धा खेळ आहे. बहुतेक जण एक्के-राजे असलेला रंग आधी संपवतात. आम्ही किलवरची दोनच बारकी पाने हातात असली तर ती आधी जाऊ देतो. तिसऱ्यांदा किलवर उतरले की हुकूम करणे आपल्या हाती येते. तेव्हा मोठी पाने बघू नका, जास्त पाने कशाची आहेत ते बघा. बदामाचे नुसते एक्का आणि राजा असतील आणि इस्पिकची साधी पाच पाने असतील, तर हुकूम इस्पिकचा. बदाम दोन हातांत संपतो, इस्पिक शेवटपर्यंत कापायला उरते.

तिसरी फेरीच का, हे गणिताच्या सरांना आवडेल. तुमच्याकडे एका रंगाची चार पाने असली तर बाहेर नऊ राहतात. ती उरलेल्या तिघांत तीन-तीन अशी सारखी पडणे शंभरातल्या अकराएक डावांतच घडते. बाकीच्या डावांत तिसऱ्या फेरीपर्यंत कुणाचा तरी तो रंग संपलेला असतो. म्हणून त्या फेरीला भिडूच्या राजावर विसंबून दश्शी दिली तर ती समोरच्यांना आंदण जाण्याचीच भीती जास्त. पहिली फेरी मात्र बरीच सुरक्षित. 13 पानांत एखादा रंग मुळीच नसणे शंभरात पाचएकदाच होते. भिडूने एक्का उतरला की दश्शी तेव्हाच देऊन टाका, जपून ठेवू नका. दश्शी जपता जपता हरलेले डाव मी आपल्या ग्रुपमध्ये पुष्कळ पाहिले आहेत.

आता ज्यावरून आमच्यावर संशय येतो ते. समजा, समोरच्या जोडीतल्या एकाने चौकटचा एक्का उतरला आणि त्याच्या भिडूने त्यावर तिर्री टाकली. त्याच्याकडे दश्शी असती तर त्याने ती दिली असती. म्हणजे त्याच्याकडे नाही. माझ्याकडे नसेल, तर ती एक्केवाल्याकडे किंवा माझ्या भिडूकडे. माझ्याकडे राजा असेल तर उतारी मिळताच मी तो टाकते. दश्शी माझ्या भिडूकडे असली तर ती देते. एक्केवाल्याकडे एकटीच उरली असली तर तिला पडावेच लागते. यातले काही झाले नाही, तर ती त्याच्याकडे दुसऱ्या पानाच्या आडोशाला आहे हे जवळजवळ नक्की. मग आम्ही त्या रंगाला पुन्हा हात लावत नाही, वाट बघतो. ‘हिला कसे कळले?’ याचे उत्तर एवढेच. पडलेली पाने सगळे बघतात, आम्ही न पडलेल्याचाही विचार करतो.

फोनवर एक अडचण आहे. हात झाला की पाने दिसेनाशी होतात, घरच्या पत्त्यांसारखा समोर ढीग राहत नाही. तरी 52 पाने लक्षात ठेवायचा हट्ट नको. चार दश्श्या मोजा, आणि ज्याची दश्शी अजून आलेली नाही असा एक रंग मोजा. पान टाकायला कुणी वेळ घेतला यावरून मात्र अंदाज बांधू नका. आपल्यातले एक जण लोकलमधून खेळतात. त्यांचा उशीर विचारामुळे की रेंज गेल्यामुळे, हे त्यांच्या भिडूलाही कळत नाही!

आणखी एक, जरा रागाने सांगते. दोन दश्श्या गेल्या की काही जण डाव सोडून जातात. मग त्यांच्या जागी कॉम्प्युटर खेळू लागतो आणि बिचारा भिडू त्याच्याबरोबर अडकतो. अहो, उरलेल्या दोन घेतल्या आणि सात हात केले तर तो डाव तुमचाच असतो. असे दोन डाव आम्ही याच पावसाळ्यात जिंकलो आहोत, कुणाविरुद्ध ते सांगत नाही.

आज जेवणानंतर खरे पत्ते निघणार आहेत. भिडू चिठ्ठ्या टाकून ठरतील, पण आम्हा दोघींना एका जोडीत ठेवू नका असे मीच संयोजकांना सांगितले आहे. खेळ संपेपर्यंत सगळ्यांचे फोन बाईंकडे जमा राहतील.