उसण नव्हे, कण्याचा क्षय

मंडळी, भाताची लावणी उरकली की पाठ धरली नाही असा माणूस गावात सापडणे कठीण. दिवसदिवस चिखलात वाकायचे म्हटल्यावर पाठ बोलणारच! ही पाठदुखी बहुधा चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. शेक घ्यावा, झेपेल तसे हिंडतेफिरते राहावे.

परंतु याच सोंगाने आणखी एक दुखणे येते. ते म्हणजे कण्याचा क्षय. क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण छातीत शिरलेले जंतू रक्तावाटे मणक्यांतही जाऊन बसतात, आणि अशा रोग्याला खोकला मुळीच नसेल. वाळवीने तुळई पोखरावी तसा मणका आतून पोखरला जातो आणि खचतो. पाठीला कुबड येते, मज्जारज्जू दाबला जाऊन पाय लुळे पडतात. कुबड आणि लुळे पाय यांचा हा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने 1779 साली लिहून ठेवला. जंतूंचा शोध लागला तो पुढे 1882 मध्ये.

मग ओळखावे कसे? श्रमाने दुखणारी पाठ आडवे झाल्यावर निवते. ही बहुधा निवत नाही, रात्री जास्तच ठणकते. संध्याकाळी कणकण येते, भूक मरते, सदरा सैल होऊ लागतो. ही सारी लक्षणे एकदम दिसतीलच असे मात्र नाही.

गुरुजी, आपल्याला तर हे वर्गातही दिसेल. खाली पडलेला खडू उचलायला निरोगी पोर कमरेत वाकते. कणा दुखणारे पोर पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघ्यांत बसते, मग खडू उचलते. त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या आईबापांना बोलवा.

अशी पाठ कृपा करून पायाळू माणसापुढे करू नका. पोखरलेल्या मणक्यावर लाथ बसली तर काय होईल, ते सांगायला का हवे?

एक्स-रे सुरुवातीला साफही निघतो. तेवढ्याने निश्चिंत होऊ नका. दुखणे राहिलेच तर पुन्हा डॉक्टरांना गाठा. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती बहुधा वर्षभर घ्यावी लागतात. दोन महिन्यांत बरे वाटते आणि गोळ्या कोनाड्यात पडतात, तिथेच घात होतो.

आणि पाय जड पडू लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवी अडली, तर उद्याची एस.टी. पाहू नका. रोग्याला सपाट आडवे निजवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या इस्पितळात न्या.