परसदारचे कुंपण आणि शेजारधर्म



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला की श्रोत्यांची एक ठरावीक अपेक्षा असते. हा आता महागाईवर बोलणार, बोनसवर बोलणार, मालकांना चार शब्द सुनावणार. मी आज विषय घेतला आहे परसदारच्या कुंपणाचा. कित्येकांना तो फार लहान वाटेल. परंतु माणसांची भांडणे मिटवीत हिंडण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो, पगाराच्या भांडणात दोन वर्षांनी का होईना, पण कागदावर सही होते. कुंपणाचे भांडण मात्र जमिनीच्या उताऱ्याबरोबर बापाकडून मुलाकडे जाते. ज्यांनी ते सुरू केले ते वारतात आणि ज्यांना त्याचे कारणही ठाऊक नाही ते एकमेकांशी बोलत नाहीत.

आपण ज्या रस्त्याच्या काठी राहतो त्या गंगापूर रोडचेच पाहा. अशोक स्तंभापासून निघावे, गोदावरीच्या कडेने आनंदवल्ली, सोमेश्वर ओलांडावे आणि गंगापूर गावाकडे, धरणाकडे जावे, असा हा रस्ता. दोन पिढ्यांपूर्वी त्याचा मोठा भाग शेतामळ्यांतून जात असे. तेथे भिंती नव्हत्या, बांध होते. पुढे शेते बिनशेती झाली, प्लॉट पडले, बंगले उठले. बांधाची तार झाली, तारेची मेंदी झाली, मेंदीची भिंत झाली. आता बंगले पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. जमीन तीच, हद्दीचे दगडही बहुधा तेच; बदलली ती हद्दीवर उभे राहून बोलण्याची सवय.

बांधाची गंमत अशी की तो दोघांचा असे. त्यावरचे गवत दोघे कापीत. बांधावरच्या बोरीची बोरे कोणाची, हा प्रश्न मोठ्यांना सुटण्यापूर्वीच पोरांनी सोडविलेला असे. याचा अर्थ पूर्वी सारे सत्ययुग होते असा मुळीच नाही. बांध कोरणारा माणूसही आपल्याच गावचा. दरसाल नांगराचे एक तास तो शेजाऱ्याच्या रानात सरकवी आणि दहा वर्षांनी डोकी फुटत. कोकणात जांभ्या दगडांचा गडगा घालतात, तेथेही गडग्यावरून कोर्टात गेलेली घराणी आहेत. तेव्हा भांडण नवे नाही. पण बांधावर निदान दोघे समोरासमोर येत. सहा फुटी भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिलेल्या माणसांना भांडावयाचे झाले तरी वकिलामार्फत भांडावे लागते.

आता कोणी म्हणेल, मग काय कुंपण घालूच नये? मी तसे म्हणणार नाही. आडोसा ही माणसाची खरी गरज आहे. परसदार हा घराचा असा भाग आहे की जेथे घर पाहुण्यांसाठी सजलेले नसते. तेथे धुणे वाळते, भांडी घासली जातात, न्हालेली बाई केस सुकवीत बसते, म्हातारा धोतर गुडघ्यावर घेऊन उन्हात पाठ शेकतो. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या परसदारी दुपारी दोन वाजता जी बाई भांड्यांच्या ढिगापुढे बसलेली असते, ती माझ्या संघटनेतल्या एखाद्या कामगाराची बायको असते. तिलाही वाटते की चारी बाजूंच्या गच्च्यांवरून आपल्याकडे कोणी टक लावून पाहू नये. भिंत किती उंच हवी हे ठरविताना घरातला पुरुष प्रतिष्ठेचा विचार करतो. परसदारी ज्या बायका दिवस काढतात त्यांना विचारावे. कोठे आडोसा हवा आणि कोठे वारा हवा, हे त्या बोटाने दाखवतील.

ही गरज कायद्यानेही ओळखली आहे. आपला सुविधाधिकारांचा कायदा १८८२ सालचा. त्याच्या अठराव्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या घराचा खासगी भाग दिसेल अशी नवी खिडकी कोणी पाडू नये, तर त्या रूढीने शेजाऱ्याला तसा हक्क मिळतो. १८८८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने गोकलप्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात असा रूढीचा हक्क असू शकतो हे मान्य केले. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पण त्याच १८८२ च्या कायद्याचे पंधरावे कलम शेजाऱ्याच्याही बाजूने बोलते. ज्या खिडकीतून वीस वर्षे निर्वेधपणे उजेड आणि वारा आला, त्या खिडकीचा उजेड-वारा हाही हक्क होऊन बसतो. म्हणजे तुमच्या आडोशाचा हक्क आणि त्याच्या उजेडाचा हक्क, दोन्ही एकाच भिंतीवर येऊन टेकतात. येथे कायद्याचे पुस्तक मिटावे आणि शेजाऱ्याचे दार ठोठवावे, असे माझे मत आहे.

आमच्या क्षेत्रातले एक तत्त्व येथे फार उपयोगी पडते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ९-अ हे कलम घालण्यात आले. पगार, कामाचे तास, रजा अशा ठरावीक बाबतींत कामगारांच्या सेवाशर्ती बदलावयाच्या असतील तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस दिली पाहिजे, असे ते कलम. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे २१ दिवस ठेवलेले आहेत. या नोटिशीने मालकाचा अधिकार जात नाही. पण ज्याच्या जगण्यात बदल होणार त्याला तो आधी कळतो, आणि बोलण्यास अवधी मिळतो. नोटीस न देता केलेला चांगला बदलसुद्धा कामगाराला अपमान वाटतो, हे मी कारखान्यांच्या दारांत पुष्कळदा पाहिले आहे. शेजारी काही आपला कामगार नव्हे आणि आपण त्याचे मालक नव्हे. मग ज्याच्यावर आपली काहीच सत्ता नाही, त्याला तर अधिकच आधी विचारावयास नको का?

एक प्रत्यक्ष घडलेली हकिगत सांगतो. सातपूरच्या बाजूला एका वसाहतीत दोन कामगार शेजारी राहत. एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. संपाच्या दिवसांत दोघांनी एका तंबूत रात्री काढल्या, एका डब्यात जेवले. संप मिटला, थकबाकी हातात आली, आणि त्या पैशांतून एकाने परसदारी भिंत घातली. वर काचांचे तुकडे रोवले. शेजारी पाळीवरून आला तो समोर सहा फूट भिंत. त्याने आरोप केला, "माझी नऊ इंच जागा खाल्ली." प्रकरण युनियनच्या कचेरीत आले. मी म्हटले, आधी मोजणी करू. भूमी अभिलेखचा माणूस आला, फीत लागली, खुणा झाल्या. भिंत एक इंचही पलीकडे नव्हती. उलट चार बोटे अलीकडेच होती. मला वाटले, मिटले. पण मिटले नाही. तो कामगार खाली मान घालून बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "जागेचं नाही हो भाऊ. तंबूत शेजारी झोपलो, आणि यानं मला विचारलंसुद्धा नाही."

त्या दोघांच्या बायका भिंतीपूर्वी परसदारातूनच विरजण देत-घेत. भिंत झाल्यावर पुढच्या गल्लीने वळसा पडू लागला आणि मग तो वळसाही थांबला. आम्ही करार केला. काचा काढावयाच्या. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर वरचे तीन फूट फोडून तेथे सिमेंटची जाळी बसवावयाची. पायथ्याशी पावसाच्या पाण्याला दोन वाटा ठेवावयाच्या. जाळीचा खर्च निम्मानिम्मा. दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून त्यांच्या बायकांनीही केल्या. ती भिंत आजही उभी आहे आणि त्या जाळीतून विरजणाची वाटी जाते.

तेव्हा ज्यांना कुंपण घालावयाचे आहे त्यांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

पहिले, मोजणी. आपली मिळकत पत्रिका काढावी, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला मानाने बोलवावे. त्याच्या पाठीमागे ठोकलेल्या खुंटीवर त्याचा विश्वास बसत नाही, मग ती कितीही बरोबर असो.

दुसरे, नियम. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे रस्त्याकडील भिंत साधारणपणे दीड मीटरपर्यंत घालता येते. २.४ मीटरपर्यंत जावयाचे असेल तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा ठेवावा लागतो. कोपऱ्यावरच्या प्लॉटला नियम याहून कडक आहे, कारण वळणावर समोरचे वाहन दिसले पाहिजे. पाया खणण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्यावे. हद्दीवर झाड असेल तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आठवावा. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, मग ते भिंतीच्या कितीही आड येवो.

तिसरे, माती आणि पाणी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरुमापर्यंत पाया न नेता घातलेली भिंत थोड्याच पावसाळ्यांत कलते. उताराचे पाणी अडविले तर ते शेजाऱ्याच्या जोत्याशी साचते. आणि भिंतीला पलीकडून गिलावा करावयाचा तर गवंडी शेजाऱ्याच्याच अंगणात उभा राहणार! ज्याच्याशी बोलणे तोडले त्याच्या अंगणात पराती कशा ठेवणार?

चौथे, भिंतीशिवायचे मार्ग. मेंदी, जास्वंद, तगर यांचे कुंपण दाट होण्यास दोन-तीन पावसाळे लागतात, पण त्यातून वारा जातो. फक्त मोरीपुरता आडोसा हवा असेल तर बांबूची ताटी पुरते. सगळ्या हद्दीला तटबंदी कशाला?

पाचवे, कागद. भिंत कोणाच्या जागेत, खर्च कोणाचा, डागडुजी कोणी करावयाची, शेवग्याची फांदी पलीकडे गेली तर शेंगा कोणाच्या, हे सारे अर्ध्या पानावर लिहून दोघांनी सही करावी. लिहिणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे समजू नका. आपण दोघे उद्या नसू, आपली मुले असतील. हा कागद त्यांच्यासाठी आहे.

आता एक इशारा. आडोसा वेगळा आणि अडसर वेगळा. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात उथापुरम् नावाचे गाव आहे. तेथे १९८९ साली दलित वस्तीच्या बाजूने लांबच लांब भिंत उभी राहिली, आणि २००८ च्या मे महिन्यात प्रशासनाला तिच्या एका भागातून वाट पाडावी लागली. ते दूरचे गाव आहे असे म्हणून आपण सुटत नाही. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच नाशकात, आणि बंद दारापुढे तो वर्षानुवर्षे चालला. म्हणून आपल्या वसाहतीची भिंत वाढवताना, फाटक बंद करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. मी माझे न्हाणीघर झाकतो आहे, की पलीकडची वस्ती नजरेआड करतो आहे? पहिल्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचा कोणालाही नाही.

आणखी एक अडचण या रस्त्यावर नव्याने आली आहे. शेजारी सात मजली इमारत उभी राहिली की खालच्या बंगल्याची कोणतीही भिंत त्याला पुरत नाही. नियमात बसेल एवढी उंच भिंत घातली तरी वरच्या सज्जातून परसदार तळहातासारखे दिसते. तेथे वरच्या माणसाच्या नजरेलाच कुंपण असावे लागते. सज्जात उभे राहावे, नदीकडे पाहावे, गंगापूरच्या बाजूचे डोंगर पाहावेत. खालच्या मोरीकडे पाहू नये. हे कोणत्या नियमावलीत नाही. याला आपले आजोबा-आजी शेजारधर्म म्हणत.

शेवटी ताटीविषयी. ज्ञानदेव मनाला लागून दार लावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांना जे आळविले ते ताटीचे अभंग म्हणून आपल्याला ठाऊक आहे. ताटी म्हणजे झडपेसारखा साधा आडोसा. मी शाळेत फार शिकलो नाही, वाचनालयात बसून जे वाचले तेवढेच. पण त्या प्रसंगातून मला एक व्यवहाराची गोष्ट कळली. माणसाला कधी कधी दार लावून घ्यावेसे वाटते, आणि तो त्याचा अधिकार आहे. मात्र दार असे असावे की बाहेरच्याची हाक आत पोहोचावी, आणि बाहेर हाक मारणारे कोणी असावे. ज्या घराभोवती अशी हाक पोहोचत नाही, तेथे एकटी राहणारी म्हातारी रात्री मोरीत पडली तर सकाळपर्यंत कोणाला कळत नाही. भिंत चोराला अडवते हे खरे. ती मदतीला येणाऱ्यालाही अडवते.

पावसाळ्याला अजून थोडे दिवस आहेत. बांधकामे उरकण्याची हीच घाई असते. ज्यांच्या मनात या हंगामात कुंपण घालण्याचे असेल त्यांनी गवंड्याला विसार देण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी, मिळकत पत्रिका खिशात घालावी, आणि शेजाऱ्याकडे चहाला जावे. आपण आपले म्हणणे सांगावे, त्याचे ऐकावे, आणि तीन आठवडे थांबावे. एवढ्या वेळात भिंत कोठे पळून जात नाही.