निवडीबरोबर सल्लाही हवा

(बुलढाणा जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्याला व्यापार आणि हिशेब नवे नाहीत. खामगावची कापसाची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकापासून ख्यातनाम आहे. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला, तो प्रामुख्याने या कापसासाठीच. सहकाराच्या क्षेत्रात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बन पतसंस्थेने जिल्ह्याचे नाव राज्याबाहेर नेले. मलकापूर, चिखली, मेहकर येथील बाजार समित्यांच्या आवारांत दर हंगामात मोठी उलाढाल होते. नवीन आहे ते एवढेच की, ज्या शेतकऱ्याने आजवर आडत्याच्या हिशेबावर विश्वास ठेवला, त्याचाच मुलगा आणि त्याचीच मुलगी आज वाणिज्य व व्यवस्थापन या विषयांचे शिक्षण घेण्यासाठी महाविद्यालयाची पायरी चढत आहेत. त्यांपैकी अनेकांच्या घरात यापूर्वी कोणीही महाविद्यालय पाहिलेले नसते.

अशा विद्यार्थ्याला अध्यापनाइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची आवश्यकता असते. ती म्हणजे शैक्षणिक सल्ला. कोणता विषय घ्यावा, कोणती परीक्षा केव्हा असते, अडचण आल्यास कोणाकडे जावे, या प्रश्नांची वेळेवर मिळणारी खात्रीलायक उत्तरे. महाविद्यालयातील या कार्याचे नेतृत्व कसे व्हावे, आणि महाविद्यालयाबाहेरच्या मंडळींनी त्यात कोणता वाटा उचलावा, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

जुनी चौकट, नवी रचना

जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, आणि आज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ या नावाने ते पाच जिल्ह्यांचा कारभार पाहते. या दीर्घ कालखंडात बी. कॉम.ची चौकट बहुतांशी ठरलेली होती. लेखाकर्म, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, लेखापरीक्षण हे विषय क्रमाने येत. विद्यार्थ्याने निवडायचे फारसे काही नव्हते. त्यामुळे चुकीच्या निवडीने होणारे नुकसानही मर्यादित होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवीची रचना बदलली. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती अमलात आली. आता शिक्षणाचे माप श्रेयांकात होते. सर्वसाधारणपणे पंधरा तासांच्या तात्त्विक अध्यापनास एक श्रेयांक मिळतो, आणि तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक मिळवावे लागतात. मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावयाचा वैकल्पिक विषय, कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यानुभव असे त्याचे अनेक विभाग आहेत. मिळालेले श्रेयांक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार स्थापन झालेल्या श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात.

ही रचना उदार आहे, यात शंका नाही. वाणिज्याचा विद्यार्थी आता मानसशास्त्र, संगणकशास्त्र किंवा भूगोल यांचाही अभ्यास करू शकतो. परंतु निवड जितकी विस्तृत, तितकी ती जाणत्या माणसाच्या मुलाला लाभदायक आणि अजाण घरातील मुलाला धोक्याची ठरते. पहिला विचारपूर्वक विषय निवडतो. दुसरा ज्या तासाला बस सोयीची असेल, किंवा जो विषय मित्राने घेतला असेल, तो लिहून देतो.

हा अनुभव जगात इतरत्रही आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स एलियट यांच्या कारकिर्दीत ऐच्छिक विषयांची पद्धत रुजली, आणि त्याच शतकाच्या अखेरीस तेथे नवागत विद्यार्थ्यांसाठी सल्लागार प्राध्यापकांचे मंडळ नेमावे लागले. निवडीमागोमाग सल्ला आला. आपल्याकडे निवड आली आहे. सल्ल्याची व्यवस्था मात्र पुष्कळ ठिकाणी अद्याप व्हावयाची आहे.

सोडून जाणे आणि बाहेर पडणे

या व्यवस्थेअभावी काय घडू शकते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण शिक्षण मध्येच थांबविणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, वडील आजारी पडतात, मुलीचे लग्न ठरते. पूर्वी अशा वेळी शिक्षण संपलेच असे समजले जाई. नव्या रचनेत तसे नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचे ८० ते ८८ श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास पदविका घेऊन बाहेर पडता येते. पुढे तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या मर्यादेत, पदवीही पूर्ण करता येते.

परंतु यात एक अट आहे. बाहेर पडताना प्रमाणपत्र किंवा पदविका हवी असेल तर नियमित श्रेयांकांखेरीज आणखी ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम अथवा कार्यानुभव पूर्ण करावा लागतो. समजा, संग्रामपूर तालुक्यातील एक मुलगी पहिले वर्ष उत्तीर्ण झाली आणि जूनमध्ये महाविद्यालयात आलीच नाही. तिने वर्षभर केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक पेढीत आहेत. पण त्या चार श्रेयांकांची गोष्ट तिला कोणी सांगितलेली नाही, म्हणून हाती कागद नाही. परत येता येते हेही तिला ठाऊक नाही, म्हणून मनात आशा नाही. कायद्याने उघडे ठेवलेले दार माहितीअभावी तिच्यापुरते बंद झाले. सोडून जाणे आणि बाहेर पडणे यांतील हा फरक समजावून सांगणे, हे सल्लागाराचे पहिले कर्तव्य होय.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका वर्षाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. बँकांच्या भरतीसाठी आणि राज्यसेवेच्या परीक्षेसाठी पदवीची अट असते. मधले दार आहे म्हणून त्यातून निघून जाण्यास कोणी प्रवृत्त होऊ नये.

तारखांचे अज्ञान

दुसरे नुकसान होते ते तारखा आणि अटी न कळल्यामुळे. बी. बी. ए., बी. एम. एस. व बी. सी. ए. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी अनेक विद्यार्थी परीक्षेपासून दूर राहिले, आणि ती अतिरिक्त परीक्षा म्हणून पुन्हा घ्यावी लागली. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी करण्याची ग्रामीण भागातील रीत येथे उपयोगी पडत नाही. अर्ज निकालापूर्वीच करावा लागतो.

सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमाचे उदाहरण असेच बोलके आहे. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा देऊन त्यात प्रवेश मिळतो. ती न देता वाणिज्य पदवीनंतर थेट प्रवेश हवा असल्यास पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात, इतर शाखांच्या पदवीधरास ६० टक्के. ही अट प्रथम वर्षात कळली तर विद्यार्थी तयारी करतो. तृतीय वर्षाच्या निकालानंतर कळली तर केवळ हळहळ उरते.

सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात सहकार खात्याच्या शासकीय सहकार व लेखा पदविकेची, म्हणजे जी. डी. सी. अँड ए. परीक्षेची माहिती तर प्रत्येक वाणिज्य पदवीधरास असावयास हवी. सेवा सहकारी संस्था, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था यांच्या लेखापरीक्षणाचे क्षेत्र या पदविकेने खुले होऊ शकते, आणि त्यासाठी गाव सोडून दूर जावे लागतेच असे नाही.

शिष्यवृत्तीबाबतही हेच. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही. प्रवेशाच्या दिवशी घाईत केलेली एक सही तीन वर्षांचा लाभ घालवू शकते.

नेतृत्वाचे स्वरूप

तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाच्या वाणिज्य व व्यवस्थापन विभागात सल्ल्याची जबाबदारी एका अनुभवी प्राध्यापकाकडे स्पष्टपणे सोपविलेली असावी. पालक-शिक्षक नेमण्याची पद्धत आज अनेक महाविद्यालयांत आहे, आणि मूल्यांकनाच्या वेळी तिची नोंदही दाखविली जाते. परंतु विद्यार्थ्यांच्या याद्या वाटून देणे म्हणजे सल्ला देणे नव्हे. प्रमुखाचे खरे काम त्या पुढचे आहे.

पहिले काम एकवाक्यतेचे. एका प्राध्यापकाने एक आणि कार्यालयीन लिपिकाने दुसरे सांगितले, तर विद्यार्थ्याचा दोघांवरचाही विश्वास उडतो. यासाठी सत्राच्या प्रारंभी विद्यापीठाची परिपत्रके वाचून, विषयांच्या निवडीचे नियम आणि वर्षभराच्या तारखा मराठीत एका पानावर लिहून काढाव्यात. ते पान प्रत्येक सल्लागार प्राध्यापकाजवळ, कार्यालयात आणि सूचनाफलकावर असावे.

दुसरे काम नोंदीचे. प्रत्येक विद्यार्थ्याचे एक पत्रक ठेवून त्यात घेतलेले विषय, जमा श्रेयांक, राहिलेले विषय, शिष्यवृत्तीची स्थिती आणि दिलेला सल्ला लिहावा. ग्रामीण महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वारंवार बदलतात. माणूस गेला तरी नोंद राहिली पाहिजे, म्हणजे विद्यार्थ्याला आपली हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.

तिसरे काम वेळीच ओळखण्याचे. जो विद्यार्थी लागोपाठ दोन आठवडे येत नाही, ज्याचे पहिल्या सत्रात दोन-तीन विषय राहिले आहेत, ज्याने परीक्षेचा अर्ज भरलेला नाही, त्याच्याकडे सल्लागाराने स्वतः जावे. ज्याला सल्ल्याची सर्वाधिक गरज असते, तो सल्ला मागायला येत नाही. संकोच, भाषेची भीती आणि शुल्क थकल्याची लाज त्याला दाराबाहेर अडवून ठेवतात.

चौथे काम संयमाचे. सल्लागाराने मार्ग दाखवावयाचा असतो, निर्णय घ्यावयाचा नसतो. हुशार मुलाने सनदी लेखापालच व्हावे आणि मुलीने जवळचीच नोकरी पाहावी, असे ठरवून टाकणे हा सल्ला नव्हे. प्रत्येक मार्गास किती वर्षे, किती खर्च आणि किती परिश्रम लागतात ते सांगून निवड विद्यार्थ्यावर सोपवावी. मानसिक ताण किंवा घरगुती अत्याचार यांसारखी बाब समोर आल्यास ती गोपनीय ठेवून योग्य तज्ज्ञाकडे पोहोचवावी.

हे काम अध्यापनाचे तास सांभाळून, केवळ हौसेवर दीर्घकाळ चालणार नाही. कामाच्या वाटपात त्यासाठी वेळ धरला जावा, बसण्यास स्वतंत्र जागा असावी, आणि प्राचार्यांनी सत्रातून किमान दोनदा त्याचा आढावा घ्यावा. एवढे संस्थाचालकांनी मान्य केले तर पुष्कळ साधेल.

गावाचा वाटा

महाविद्यालयाच्या भिंतींबाहेरही या कार्याचे धागे जातात. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी अकरावीतच वाणिज्याच्या सर्व मार्गांची व प्रवेश परीक्षांची ओळख करून द्यावी. गटशिक्षणाधिकारी व समाजकल्याण कार्यालयाने जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर यांची आठवण निकालापूर्वी व्हावी, अशी तजवीज करावी. महसूल यंत्रणेने याच कालावधीत दाखल्यांची शिबिरे घेतल्यास जून-जुलैतील धावपळ टळेल.

पंचायत सदस्यांचे साहाय्य तर अमूल्य ठरेल. नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यानुभव अनिवार्य आहेत, आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने पुण्यामुंबईला जाण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीचे नमुना १ ते ३३ म्हणजे सार्वजनिक हिशेबाची एक संपूर्ण पाठशाळाच आहे. महिला बचत गटांच्या वह्या, शेतकरी उत्पादक कंपन्यांची खरेदी-विक्री, बाजार समितीतील लिलाव, शेगावला येणाऱ्या भाविकांवर आणि लोणार सरोवर पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांवर चालणारे लहान व्यवसाय, हे सारे वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे अभ्यासक्षेत्र होऊ शकते. सरपंचाने असा विद्यार्थी बोलावून घेतला तर गावाची दप्तरे नीट होतील आणि विद्यार्थ्याचे श्रेयांकही पूर्ण होतील.

गावातील कोणता मुलगा, कोणती मुलगी यंदा महाविद्यालयात गेली नाही, हे प्राचार्यांच्या आधी गावाला कळते. ते महाविद्यालयाच्या सल्लागारापर्यंत त्याच आठवड्यात पोहोचविणे, ही पंचायत सदस्याने करण्यासारखी साधी पण मोलाची सेवा आहे. तीन वर्षांची परतीची मुदत तिच्या घरापर्यंत नेऊन सांगणारा माणूस बहुधा गावातलाच असेल.

जिजाऊंच्या सिंदखेड राजाचा हा जिल्हा आहे. योग्य वेळी मिळालेल्या मार्गदर्शनाचे महत्त्व या भूमीला निराळे सांगावयास नको. शासनाने निवडीचे स्वातंत्र्य दिले आहे. ते शेवटच्या गावातील विद्यार्थ्याच्या हाती अर्थपूर्ण रीतीने पोहोचावे, यासाठी येत्या प्रवेशसत्रापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने आपला सल्लागार निश्चित करावा, आणि प्रत्येक पंचायतीने त्याचे नाव व बसण्याची वेळ गावच्या फलकावर लिहून ठेवावी.